वाचकांचे प्रश्न : प्रक्रिया केलेले लाकूड आणि भिंतीचा सांगाडा

लाकडी सांगाड्याच्या बांधकामाचे प्रशिक्षण घेणाऱ्या वाचकांची काही पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. प्रश्न वेगवेगळे असले तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे लाकडात पाणी कोठून शिरते आणि शिरल्यावर काय होते. म्हणून उत्तरे क्रमाने वाचलेली बरी.

प्रश्न : कामावर येणारे लाकूड काही गुलाबी, काही हिरवट, तर काही नेहमीच्या रंगाचे असते. ‘गुलाबी आत, हिरवे बाहेर’ एवढेच आमचे मिस्त्री सांगतात. हा रंग म्हणजेच बुरशी-किडीपासून वाचवणारे औषध का? आणि सगळीकडे सर्वांत कडक औषधाचे लाकूड वापरले तर काय बिघडेल?

उत्तर : मिस्त्रींचा नियम त्यांच्या कामापुरता खरा असेल, परंतु तो जसाच्या तसा दुसरीकडे नेता येणार नाही. बोरॉनची संयुगे रंगहीन असतात आणि त्यांच्या द्रावणात गुलाबी रंग मिसळला जातो तो लाकूड ओळखता यावे एवढ्यासाठीच. तांबेयुक्त औषधांचा हिरवटपणा मात्र तांब्याचाच असतो आणि उन्हापावसात तो हळूहळू करडा पडतो. न्यूझीलंडमध्ये भिंतीच्या सांगाड्याचे बोरॉन पाजलेले लाकूड गुलाबी असते, तर शेजारच्या ऑस्ट्रेलियात सांगाड्याच्या निळ्या लाकडाचा अर्थ त्याला वाळवीपासून संरक्षण दिलेले आहे असा होतो. तेव्हा रंगावरून अंदाज करावा आणि निर्णय लाकडाच्या टोकावरील किंवा बाजूवरील शिक्क्यावरून घ्यावा. औषध कोणते, वर्ग कोणता आणि प्रक्रिया कोणत्या कारखान्यात झाली, हे तेथे लिहिलेले असते. शिक्का नसलेले लाकूड कोणत्याही रंगाचे असले तरी त्याविषयी आधी विचारणा करावी आणि मगच करवत लावावी.

औषध लाकडात कसे शिरते हे एकदा समजून घेतले की पुढच्या पुष्कळ सूचनांचे कारण आपोआप कळते. लाकूड लांब पोलादी नळकांड्यात भरून झाकण लावतात आणि आतली हवा उपसतात, त्यामुळे लाकडाच्या पेशींमधली हवाही निघून जाते. मग औषधाचे द्रावण आत सोडून त्यावर दाब देतात आणि शेवटी पुन्हा हवा उपसून अंगावरचे जादा द्रावण ओढून घेतात. जॉन बेथेल याने 1838 मध्ये क्रिओसोट या डांबरापासून काढलेल्या तेलासाठी ज्या पद्धतीचे पेटंट घेतले, तिचे तत्त्व आजही हेच आहे. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे सीसीए नावाचे जे मिश्रण पुढे जगभर गेले, ते डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी 1933 मध्ये सिद्ध केले होते, हे जाता जाता सांगण्याजोगे आहे. त्या मिश्रणात तांबे बुरशीला आवरते, आर्सेनिक किडीला आणि तांब्याला न जुमानणाऱ्या काही बुरशींना आवरते, आणि क्रोमियम या दोघांना लाकडाच्या तंतूंशी असे बांधून ठेवते की पावसाने ती सहज धुऊन जात नाहीत. बोरॉन असे बांधले जात नाही. ते ओल्या लाकडात पसरत जाते, त्यामुळे खोलवर पोहोचते; परंतु त्याच कारणाने सतत भिजणाऱ्या लाकडातून बाहेरही पडते. म्हणून त्याची जागा आच्छादनाच्या आत, भिंतीच्या पोटात.

यावरूनच वर्गवारी झालेली आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये एच1 ते एच6 असे वर्ग आहेत : एच1 घराच्या आतील कोरड्या जागेसाठी, एच3 बाहेर परंतु जमिनीच्या वर असलेल्या लाकडासाठी, एच4 आणि एच5 जमिनीत गाडलेल्या लाकडासाठी, आणि एच6 समुद्राच्या पाण्यातील खांबांसाठी. युरोपात 1 ते 5 असे उपयोग-वर्ग आहेत आणि अमेरिकेतही त्याच धर्तीची मांडणी आहे. आकडे निरनिराळे असले तरी सगळ्यांचा प्रश्न एकच असतो : हे लाकूड कितीदा भिजेल, वाळायला त्याला किती सवड मिळेल आणि तेथे कोणते जीव त्याच्या वाटेला येतील?

सर्वत्र कडक औषध का वापरू नये, याचे उत्तर याच प्रश्नात आहे. तांब्याचे प्रमाण वाढले की खिळे आणि पत्रे गंजण्याचा धोका वाढतो, जमिनीत गाडण्याजोगे लाकूड बहुधा ओलेच हाती येते आणि सांगाड्यात वाळताना वाकडे होते, शिवाय कापताना उडणारा भुसा आणि उरलेले तुकडे यांची विल्हेवाट अधिक अवघड होते. उलट चूक किती महागात पडते, हे न्यूझीलंडने पाहिले आहे. 1990 च्या दशकात तेथे भट्टीत वाळवलेले पण औषध न पाजलेले पाइनचे लाकूड भिंतींच्या सांगाड्यासाठी चालेल असे ठरले. त्याच काळात गिलाव्यासारखी दिसणारी, मागे पोकळी न ठेवता थेट सांगाड्यावर बसवलेली आच्छादनेही लोकप्रिय झाली. त्यांच्या सांध्यांतून शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नव्हती आणि लाकडापाशी बुरशीला अडवणारे काही नव्हते, त्यामुळे हजारो घरांचे सांगाडे आतून कुजले. 2004 पासून तेथील नियमांनी बहुतेक सांगाड्यांसाठी औषध पुन्हा आवश्यक केले. त्या प्रकरणात खरा दोष पाणी आत घेणाऱ्या भिंतीचा होता आणि औषधाने त्या दोषाला काही वर्षांची मुदत दिली असती, एवढाच त्याचा अर्थ काढावा; औषध पाजले म्हणजे गळती चालते असा काढू नये.

प्रश्न : लाकूड कारखान्यातूनच औषध पाजून येते, तरीही कापलेल्या टोकांना ब्रशने पुन्हा औषध लावायला सांगतात. हे खरोखर गरजेचे आहे की केवळ उपचार?

उत्तर : हिरवट लाकडाचा एखादा जाड तुकडा मधोमध आडवा कापून छेद नीट पाहा. कडेने हिरवा पट्टा दिसेल आणि मध्यभागी पुष्कळदा फिकट, जणू काहीच न लागलेला भाग दिसेल. सालीलगतचे रसकाष्ठ द्रावण सहज पिते. गाभ्याच्या लाकडातील वाटा मात्र राळ आणि तत्सम द्रव्यांनी बुजलेल्या असतात, म्हणून दाब देऊनही तेथे औषध फारसे जात नाही. कारखान्यातून आलेले लाकूड म्हणजे बाहेरून कवच असलेले लाकूड आहे, आणि तुमची करवत, पटाशी किंवा गिरमिट ते कवच फोडते. त्यातही कापलेले टोक सर्वांत धोक्याचे, कारण लाकूड तंतूंच्या दिशेने पाणी जितके झपाट्याने ओढते तितके आडवे ओढत नाही.

म्हणून बाहेरच्या किंवा जमिनीलगतच्या लाकडाच्या प्रत्येक नव्या छेदाला, खाचेला आणि बोल्टच्या भोकाला औषध लावावे. कॉपर नॅफ्थेनेटचे द्रावण या कामासाठी पुष्कळ ठिकाणी वापरले जाते. ब्रशने लावलेले औषध दाबाने पाजलेल्या औषधाची बरोबरी करीत नाही, हेही ध्यानात ठेवावे. त्यामुळे खांब जमिनीत रोवताना कारखान्याचे टोक खाली घालावे आणि कापलेले टोक वर ठेवावे. लाकूड लांबीत उभे चिरणे किंवा रंध्याने एक थर काढून टाकणे हे तर टोक कापण्यापेक्षाही वाईट, कारण त्यात सगळ्या लांबीभर कवच जाते. जाडी कमी हवी असेल तर त्या मापाचे लाकूड मागवावे.

याच पत्रात खिळ्यांविषयी विचारले आहे. तांबेयुक्त औषधाच्या ओलसर लाकडात साधा खिळा लवकर गंजतो, आणि जस्ताचा पातळ विद्युत्-मुलामा दिलेला खिळाही फार टिकत नाही. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले, म्हणजे जाड थराचे, किंवा स्टेनलेस स्टीलचे खिळे वापरावेत. अमेरिकेत 2003 अखेर घरगुती वापरातून सीसीए मागे घेतले गेले आणि त्याच्या जागी क्रोमियम व आर्सेनिक नसलेली, परंतु तांबे अधिक असलेली औषधे आली, तेव्हा ही बाब विशेष जाणवली. ॲल्युमिनियमचा पत्रा अशा लाकडाला थेट टेकवू नये, मध्ये वेगळा थर घालावा.

प्रश्न : खालची आणि वरची पट्टी शेजारी ठेवून दोन्हींवर एकदमच खुणा करायला लावतात, आणि पहिल्या स्टडची, म्हणजे भिंतीतील उभ्या लाकडाची, खूण 400 मिलिमीटरवर न करता 378 च्या आसपास करायला सांगतात. हा हिशेब मला नीट समजलेला नाही. तयार सांगाडा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे की नाही, हे लवकर कसे पाहावे?

उत्तर : आधी अंतराचे कारण पाहू. भिंतीवर चढणारे तक्ते बहुधा 1200 मिलिमीटर रुंद असतात, म्हणून स्टडचे मध्य 400 किंवा 600 अंतरावर ठेवले की तक्त्याची कड नेमकी एका स्टडच्या मध्यावर येते आणि दोन तक्ते त्या स्टडची जाडी वाटून घेतात. पहिला तक्ता भिंतीच्या टोकापासून सुरू होतो, त्यामुळे मापही टोकापासून घ्यायचे. स्टड 45 मिलिमीटर जाड असेल तर त्याचा मध्य 400 वर येण्यासाठी त्याची अलीकडची कड 400 वजा 22.5, म्हणजे 377.5 वर हवी. पुढच्या कडा 777.5 आणि 1177.5 वर. पेन्सिलीची रेघ अलीकडच्या कडेची असते, आणि स्टड त्या रेघेच्या कोणत्या बाजूला उभा राहणार हे फुलीने दाखवतात. ही फुली विसरू नये. रेघ बरोबर पण स्टड पलीकडच्या बाजूला, असे झाले तर तो 45 मिलिमीटर सरकतो आणि ही चूक तक्ते लावेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

टेप एका टोकाला अडकवून सर्व खुणा एकाच ताणात कराव्यात. प्रत्येक अंतर मागच्या स्टडपासून मोजत गेल्यास दर वेळचा एक मिलिमीटर साठत जातो आणि दहाव्या स्टडपाशी तो दहा मिलिमीटर होऊ शकतो. मग तक्त्याच्या कडेला 22 ऐवजी 12 मिलिमीटर लाकूड मिळते आणि स्क्रू कडेतून फुटून बाहेर येतो. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून गुण्याने एकच रेघ दोन्हींवर ओढण्याचेही कारण हेच आहे : चूक झालीच तर ती वर आणि खाली सारखी होते, आणि स्टड निदान ओळंब्यात राहतो.

स्टडची लांबी काढताना पट्ट्यांची जाडी वजा करायची असते. सांगाडा 2400 उंच आणि वरखाली 45 ची एकेक पट्टी असेल तर स्टड 2310. वरची पट्टी दुहेरी असेल तर 2265. दारे-खिडक्यांच्या जागा आधी आखाव्यात आणि नेहमीचे स्टड नंतर, कारण उघाडापाशी भार वळवावा लागतो. छपराचा भार वरच्या पट्टीतून लिंटेलवर, म्हणजे उघाडावरच्या आडव्या तुळईवर, येतो, लिंटेल तो दोन्ही टोकांना त्याच्याखाली उभ्या असलेल्या आखूड स्टडवर टाकते, आणि तेथून तो खालच्या पट्टीत व पायात उतरतो. लिंटेलच्या टोकाखाली आखूड स्टड न देता ते फक्त बाजूच्या पूर्ण उंचीच्या स्टडला खिळ्यांनी ठोकले, तर सगळा भार त्या मूठभर खिळ्यांवर लटकतो. उघाड खिडकीच्या चौकटीपेक्षा थोडा मोठा ठेवावा लागतो. किती मोठा, हे त्या खिडकीच्या कागदांवरून पाहावे, आठवणीवर विसंबू नये.

सांगाडा जमिनीवर आडवा असतानाच दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे असले आणि समोरासमोरच्या बाजूही सारख्या असल्या, तर सांगाडा गुण्यात आहे. टेप दोन्ही कर्णांवर पोहोचत नसेल तर तीन-चार-पाचचा हिशेब कामी येतो : 2400 उंचीच्या सांगाड्यात खालच्या पट्टीवर कोपऱ्यापासून 3200 वर खूण करावी, तेथून त्याच बाजूच्या वरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर बरोबर 4000 भरले पाहिजे. फरक आढळल्यास लांब कर्णाच्या कोपऱ्यावर हातोडीचे हलके ठोके द्यावेत आणि गुण्यात आल्यावर तिरकी पट्टी ठोकून मगच भिंत उभी करावी. उभी केल्यावर हे काम चौपट कष्टाचे होते.

वाकलेल्या स्टडविषयी थोडक्यात सांगतो. प्रत्येक स्टड डोळ्याजवळ धरून लांबीत पाहावा. थोडा बाक असलेले स्टड चालतात, मात्र सर्वांचा बाक एकाच बाजूला ठेवावा, म्हणजे भिंत लाटेसारखी दिसत नाही. पीळ पडलेला स्टड बाजूला काढून त्याचे आखूड तुकडे करावेत.

प्रश्न : स्टडच्या मध्ये आडवे तुकडे ठोकण्यात फार वेळ जातो. तक्ते लावण्यासाठी आधार एवढाच त्यांचा उपयोग असेल, तर ते वगळता येतील का? त्यांनी भिंत तिरकी होण्यापासून वाचते, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे.

उत्तर : वगळू नयेत, आणि सहकाऱ्याचे म्हणणेही बरोबर नाही. 90 बाय 45 चा स्टड 90 च्या दिशेने जितका ताठ असतो, त्याच्या एक चतुर्थांशच 45 च्या दिशेने असतो. म्हणजे वरून भार आला की तो पहिल्यांदा पातळ बाजूने, शेजारच्या स्टडकडे, वाकू पाहतो. दाबाखाली वाकण्याचा प्रतिकार आधाराविना असलेल्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. उंचीच्या मध्यावर एक आडवा तुकडा बसवला की ती लांबी निम्मी होते, प्रतिकार चौपट होतो आणि स्टडची दुबळी दिशा बळकट दिशेच्या बरोबरीला येते. इतक्या थोड्या लाकडात इतके काम करून घेणारी दुसरी गोष्ट भिंतीत क्वचितच सापडेल. शिवाय लाकूड वाळताना पीळ घेऊ लागते, त्यालाही हे तुकडे धरून ठेवतात.

वाऱ्याच्या किंवा भूकंपाच्या आडव्या जोरापुढे मात्र त्यांचा काही उपयोग नाही. उभ्या-आडव्या तुकड्यांच्या खिळ्यांनी जोडलेल्या चौकटीला बाजूने रेटले तर ती सहज तिरपी होते, मग आत कितीही आडवे तुकडे असोत. तेथे कर्णरेषेत बसवलेली पट्टी किंवा ठरलेल्या अंतरावर खिळे मारलेला तक्ता लागतो. अशा तक्त्याचे खिळे सजावटीचे समजून कमी करू नयेत. त्या भिंतीची ताकद नेमकी त्या खिळ्यांच्या संख्येवर ठरवलेली असते.

प्रश्न : नळ आणि विजेचे काम करणारे आमच्या स्टडमध्ये हवी तेथे भोके पाडतात. मर्यादा किती?

उत्तर : मर्यादा तुमच्या देशाच्या संहितेत आणि नकाशांवर दिलेली असते आणि तीच पाळावी. अंदाज यावा म्हणून अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेतील आकडे देतो : बाहेरच्या किंवा भार घेणाऱ्या भिंतीच्या स्टडमध्ये खाच रुंदीच्या पावपटीहून खोल नसावी, भोक रुंदीच्या 40 टक्क्यांहून मोठे नसावे, आणि भोकाची कड स्टडच्या कडेपासून किमान 16 मिलिमीटर आत असावी. 90 च्या स्टडमध्ये याचा अर्थ खाच सुमारे 22 आणि भोक 36 मिलिमीटर. खाच आणि भोक एकाच ठिकाणी येऊ देऊ नयेत. भोक शक्यतो मध्यावर पाडावे, कारण वाकताना ताण आणि दाब कडांवर सर्वाधिक असतो आणि मध्यभागी सर्वांत कमी. कडेला घेतलेली लहानशी खाचही म्हणूनच मध्यावरच्या मोठ्या भोकापेक्षा अधिक नुकसान करते.

प्रश्न : सांगाडा पावसात भिजला. लाकूड प्रक्रिया केलेले आहे, तर आतील तक्ते लगेच लावायला हरकत आहे का?

उत्तर : हरकत आहे. कुजवणाऱ्या बुरशीला साधारण 20 टक्क्यांहून अधिक ओल लागते आणि 30 टक्क्यांच्या आसपास ती जोमाने वाढते. म्हणून सांगाडा झाकण्यापूर्वी ओल 18 ते 20 टक्क्यांच्या खाली आणण्याची अट बहुतेक ठिकाणी असते. ओले लाकूड झाकले तर बुरशीआधीच दुसरा त्रास सुरू होतो : लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, परंतु रुंदीत आणि जाडीत आकसते, त्यामुळे वाळताना तक्त्यांचे स्क्रू डोके वर काढतात आणि सांधे उघडतात. ओल मापकाने तपासावी आणि खालच्या पट्टीची ओल आवर्जून पाहावी, कारण पाणी तेथेच साचते. टाचण्या खुपसून मोजणारे मापक विजेच्या रोधावर चालते आणि औषधातील क्षारांमुळे त्याचे आकडे बदलतात. मापकासोबतच्या कोष्टकातील दुरुस्ती लावूनच आकडा खरा धरावा. काँक्रीटवर बसणाऱ्या खालच्या पट्टीखाली ओलरोधक थर आहे ना, हेही याच वेळी पाहून घ्यावे. काँक्रीट जमिनीतली ओल वर खेचत राहते आणि तो थर मागाहून घालणे जवळजवळ अशक्य असते.

प्रश्न : कापलेल्या लाकडाचे उरलेले तुकडे थंडीत शेकोटीला वापरले तर चालतील का?

उत्तर : नाही. सीसीए पाजलेले लाकूड जाळल्यावर आर्सेनिक धुरात आणि राखेत उतरते, आणि राखेतले प्रमाण विषारी असते. हे तुकडे स्वयंपाकाच्या चुलीत, शेकोटीत किंवा खतात घालू नयेत. वेगळे साठवून स्थानिक नियमांप्रमाणे कचऱ्यात द्यावेत. कापताना मास्क आणि चष्मा लावावा आणि शक्य तेथे कापणे उघड्यावर करावे. औषध नसलेल्या लाकडाचा भुसाही निर्धोक नाही : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची गणना माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केलेली आहे. जेवणापूर्वी हात धुवावेत आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत.